केसपेपर वाचणारे उबाळेकाका

आमच्या सरकारी दवाखान्यात तिघांना इंग्रजी येत असे. डॉक्टरांना ते लिहिता यायचं, पण आपण काय लिहिलं ते दुसऱ्या दिवशी त्यांनाही वाचता यायचं नाही. मला वाचता यायचं, कारण औषधाच्या खिडकीत बसून वर्षानुवर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं; पण मला कोणी अर्थ विचारू नये, गोळी विचारावी. तिसरे केसपेपरच्या खिडकीतले उबाळेकाका. इंग्रजीत दोन ओळींचा अर्ज लिहायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. पण कुठला शब्द कुठून आला, कोणाच्या पोटी जन्मला आणि म्हातारपणी त्याचे काय हाल झाले, हे त्यांना तोंडपाठ असायचं. सरकारी नोकरीत अशा ज्ञानाला काय किंमत असते ते वेगळं सांगायला नको. काका कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात तो आहे. शहापूरवाले तो मुरबाडचा समजतात आणि मुरबाडवाले शहापूरचा. औषधं कमी पडली की हा समज दोन्हीकडच्या साहेबांच्या फार उपयोगी पडतो.

काका अंगानं काटकुळे. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन रंगांची तीन पेनं आणि दोऱ्यानं बांधलेला चष्मा. सकाळी खिडकी उघडली की नाव, वय, गाव, काय होतंय, एवढे चार प्रश्न. कागद हातात दिला की इतर दवाखान्यांत केसपेपरवाल्याचं काम संपतं. काकांचं तिथं सुरू व्हायचं. डॉक्टरांकडून बाहेर आलेला माणूस माझ्याकडे यायच्या आधी पुन्हा त्यांच्या खिडकीशी जायचा. काका कागद उजेडाला धरायचे, दोनदा वाचायचे आणि त्यात काय लिहिलंय ते त्या माणसाला सांगायचे. डॉक्टरांच्या खोलीत माणसाला एक मिनिट मिळायचं, या खिडकीत दहा. त्यामुळे आमच्याकडे दोन रांगा असत, एक कागदासाठी आणि दुसरी अर्थासाठी. दुसरी मोठी असायची.

मी नवी होते तेव्हा त्यांना विचारलं होतं की हा उद्योग कशाला. ते म्हणाले, "मॅडम, कागुद त्याचा, अंग त्याचं, दुखणं त्याचं. फक्त अक्षर आपलं. मग त्याला कळायला नको?"

नियमात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, एवढंच मनात आलं.

रांगेतला कोणी उशीर होतो म्हणून कुरकुरला, की काका शांतपणे सांगत, "पेशंट या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ सोसणारा. तू पेशंट हायेस ना? मग सोस." हॉस्पिटल म्हणजे पाहुण्यांचं घर आणि हॉटेल हा त्याचा सख्खा भाऊ, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मग वऱ्हांड्यातल्या नळाकडे बघितलं, ज्याला तोटी नव्हती, आणि म्हणाले, "भाऊ शिकला. पुढं गेला." मसल म्हणजे छोटा उंदीर, कारण दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो. डोळ्यातल्या प्युपिलचा अर्थ लहानशी बाहुली. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा. आपणही बाहुलीच म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात आपलंच इवलंसं रूप दिसतं म्हणून. बाहुली म्हणणारी आपली म्हातारी आणि ती लॅटिनवाली म्हातारी कधी कुठल्या बाजारात भेटल्या असतील, असं ते स्वतःलाच विचारायचे.

त्यांचा सगळ्यात आवडता शब्द इडिओपॅथिक. मोठ्या दवाखान्यातून आलेल्या कागदांवर तो पुष्कळदा असतो. काका म्हणायचे, याचा अर्थ ज्याचं त्याचं दुखणं. म्हणजे आजार का झाला ते डॉक्टरला कळलेलं नाही, पण ते ग्रीकमध्ये कळलेलं नाही.

ही विद्या त्यांनी कुठून मिळवली, तर भातसानगरहून. त्यांच्या वडलांच्या पिढीनं गावकीची कामं सोडून धम्म घेतला, आणि पुढे धरणाचं काम निघालं तेव्हा वडील तिथं दगड फोडायला, सुरुंगाची भोकं पाडायला लागले. कामगारांच्या दवाखान्यातलं जुनं सामान एकदा बाहेर काढून टाकलं, त्यात इंग्रजी वैद्यकीय शब्दकोश होता. बापाला वाचता येत नव्हतं, पण पुस्तक जाड आहे म्हणजे पोराच्या कामाचं असणार, एवढं कळत होतं. तो ते डोक्यावरून घरी घेऊन आला. पुठ्ठा नव्हता आणि पुढची पानं वाळवीनं खाल्ली होती. शब्द सुरू व्हायचे ते डीपासून. काका अभिमानानं सांगायचे की ए, बी, सी न शिकता इंग्रजी शिकलेला तालुक्यात मी एकटाच.

पुस्तक गोऱ्या साहेबाच्या काळातलं. त्यामुळे काकांना जे शब्द येत ते खुद्द साहेबानं सोडून बरीच वर्षं झाली होती. घशात गळू झालं की क्विन्सी, अंगात पाणी साठून सूज आली की ड्रॉप्सी. याच ड्रॉप्सीनं आमच्याकडे एकदा जीप आणली.

झालं असं, की महिन्याच्या अहवालात इतर आजार नावाचा एक रकाना असतो. तो नेहमी कोरा जायचा. त्या महिन्यात पाय सुजलेले चार म्हातारे येऊन गेले होते. काकांनी इमानदारीनं रकान्यात लिहिलं, ड्रॉप्सी, चार. वरच्या कार्यालयात तो शब्द कोणी ऐकला नव्हता. ज्या कार्यालयाला आम्ही तीन वर्षं फ्रिज मागत होतो, त्यानं तीन दिवसांत साथीचं पथक पाठवलं. तोंडाला फडकी बांधलेले चार जण जीपमधून उतरले आणि रुग्ण कुठे वेगळे ठेवलेत ते विचारू लागले. काकांनी त्यांना बसायला बाक दिला, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की आजार नवीन नाही, शब्द जुना आहे.

पथक गेलं आणि मेमो आला. असा शब्द का वापरला, कारणे दाखवा. काकांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं. मेमोरँडम या शब्दाचा अर्थ लक्षात ठेवण्याची गोष्ट असा असून आपली गोष्ट लक्षात ठेवण्यात आली आहे. त्या उत्तरानं त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. फ्रिज आला नाही तो नाहीच.

वडलांची गोष्ट मात्र त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही अहवालाचे आकडे जुळवता जुळवता, मान वर न करता. धरणाचं काम संपत आलं तेव्हा बापाला खोकला लागला. कामावरच्या डॉक्टरनं तपासलं आणि कागदावर एकच शब्द लिहून दिला. पी, एच, टी, एच आणि पुढे आणखी काही. कंपाउंडरला तो वाचता आला नाही, त्यानं खोकल्याची लाल बाटली दिली. बापाला वाटलं हा आपला हजेरीचा नंबर असेल. त्यानं तो कागद दोन वर्षं पाकिटात जपला. मुकादमानं विचारलं की काढून दाखवायचा आणि मुकादम मान हलवायचा. पोरगा तेव्हा दहावीला होता. एके दिवशी सहज त्यानं तो शब्द त्या पुस्तकात शोधला. शब्द थायसिस. पीवरच्या पानांत होता, वाळवी तिथपर्यंत पोचली नव्हती. अर्थ झिजत जाणं. क्षय.

"औषध होतं मॅडम त्यावर. तवा पण होतं," काका म्हणाले. "बाप त्या आधीच्या महिन्यात गेला होता."

मग त्यांनी पान उलटलं आणि बाह्यरुग्णांची बेरीज चुकलीय का ते मला बघायला सांगितलं. थोड्या वेळानं आपणच म्हणाले की इंग्रजीतला हा पी आमच्या माणसांसारखा. हजेरीला पहिला उभा, पण बोलायची परवानगी नाय.

पुढे आमच्याकडे केतन डॉक्टर आला. सरकारी सेवेचा बाँड पूर्ण करायला आलेला हुशार मुलगा, पुण्याचा. वर्षभर इथं काढायचं आणि मग पुढचं शिकायला जायचं, त्यामुळे त्याचं शरीर आमच्याकडे असलं तरी बाकी सगळं प्रवेशपरीक्षेकडे असे. आपण लिहिलेलं खिडकीत जाहीर वाचलं जातं हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. तो तडक आला आणि कारकुनानं पेशंटला निदान सांगायचं नाही म्हणून बजावलं.

काका उठून उभे राहिले. साहेबासमोर ते नेहमी उठून उभे राहत, आणि मग साहेबानं बसा म्हणावं असं काही बोलत नसत. ते म्हणाले, "साहेब, डॉक्टर या शब्दाचा मूळ अर्थ शिकवणारा. तुमी शिकवलंत तर मी गप बसंन."

इथं थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी पुढे माहिती म्हणून असंही सांगितलं, की जुन्या इंग्रजीत वैद्याला लीच म्हणत, आणि लीच म्हणजे जळू. केतन डॉक्टर आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. काकांना त्यात अपमान काय झाला ते कळलं नाही. जळू निदान रक्त काढून आराम द्यायची, असं ते मला म्हणाले.

भात लावणी संपून गेली होती, त्या दिवसांतली सकाळ. ओपीडी नुकती उघडली होती. गावाबाहेरच्या वाडीवरून सुंदर मुकणे नावाच्या बाईला तिच्या नवऱ्यानं आणि सासूनं रिक्षातून आणलं. वय वीस-बावीस. पहाटेपासून पोटात दुखत होतं, दोन उलट्या झाल्या होत्या, बोलणं जड झालं होतं आणि ती डोळे उघडत नव्हती. अंगावर कुठं जखम नाही, ताप नाही. केतन डॉक्टरनं नवऱ्याला विचारलं, काल काही झालं होतं का. नवरा प्रामाणिक माणूस. त्यानं सांगितलं की संध्याकाळी भांडण झालं होतं.

झालं. डॉक्टरला निदान मिळालं. त्यानं नाडी बघितली, पोट दाबलं, इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली आणि बाईला वऱ्हांड्यात बाकावर निजवायला सांगितलं. तासाभरात नाटक उतरेल म्हणाला. सासूनं लगेच सुनेकडे असं पाहिलं, की बघ, डॉक्टरनी पण ओळखलं.

सासू कागद घेऊन खिडकीशी आली. काकांनी तो उजेडाला धरला. डॉक्टरची तीन अक्षरं त्यांना माहीत होती. त्यातलं पहिलं हिस्टेरियाचं. पण त्याच कागदावर वर, कोपऱ्यात, आमच्या सिस्टरनं बाई आली तेव्हा आपलं एक टिपण केलं होतं. दोन्ही डोळे, टोसिस. डॉक्टरनं ते वाचलं नव्हतं. सिस्टरनं लिहिलेलं डॉक्टरनं वाचावं अशी पद्धत नाही.

काका खिडकीतून बाहेर आले. इतक्या वर्षांत रांग सोडून ते बाहेर आलेले मी पहिल्यांदा पाहिलं. ते बाकाशी गेले, वाकले, आणि सुंदरला म्हणाले, "डोळं उघड गो." तिनं कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर ओढल्या, पण पापण्या उठल्या नाहीत. काकांनी सासूला एकच विचारलं, पोर निजली कुठं होती. सासू म्हणाली, भांडून बाहेर पडवीत निजली, खाली, जमिनीवर.

मी माझ्या खिडकीतून उठून त्यांच्या मागोमाग डॉक्टरांच्या दारात पोचले तेव्हा काका आत बोलत होते. आवाज नेहमीसारखाच होता, आणि कागद त्यांनी डॉक्टरच्या पुढ्यात ठेवला होता.

"साहेब, हिस्टेरिया म्हंजे गर्भाशय. ग्रीक लोकांना वाटायचं तो बाईच्या अंगभर फिरतो न मग ती अशी करते. असंल. पण सिस्टरनं टोसिस लिवलंय. टोसिस म्हंजे पडणं. पापणी पडलीय साहेब, मिटलेली नाय. ती उघडायला बघते न उघडत नाय. जमिनीवर निजली होती. मण्यार चावलं तर खूण पण दिसत नाय. असे कागद मी आधी तीन पायलेत. तिन्हीवर शेवटचा शब्द एकच हाय."

केतन डॉक्टरनं कागद उचलला आणि सिस्टरचं टिपण वाचलं. हे त्याचं मोठेपण, आणि ते मी नंतरही सगळ्यांना सांगत आले. तो धावला. सुंदरला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. ती चारवर थांबली; विष श्वासापर्यंत पोचायला लागलं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. सापाचं इंजेक्शन माझ्याच कपाटात होतं, मी कुलूप काढून होत्या तेवढ्या बाटल्या दिल्या. सलाईन लागलं. दुपारी तिचा श्वास कमी पडायला लागला तेव्हा डॉक्टर स्वतः रुग्णवाहिकेत बसला आणि ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत हातानं श्वासाचा फुगा दाबत गेला. नवरा पुढच्या सीटवर. सासू आमच्या वऱ्हांड्यात बसून राहिली आणि काकांनी तिला काहीही अर्थ सांगितला नाही, फक्त चहा आणून दिला.

सुंदर नवव्या दिवशी चालत आली. डोळे टक्क उघडे. ती पहिल्यांदा सिस्टरकडे गेली, मग डॉक्टरकडे. काकांकडे आली ती जुना केसपेपर मागायला, आणि त्यांनी तिला तो देताना डॉक्टरनं आपली तीन अक्षरं स्वतःच खोडून त्यावर सही केली आहे, हे दाखवून दिलं.

पंधरा ऑगस्टला केतन डॉक्टरचा सत्कार झाला. शाल, नारळ, पुढाऱ्याचं भाषण. पुढाऱ्यानं साप नाग असल्याचं सांगितलं, कारण मण्यार भाषणात उठून दिसत नाही. उबाळेकाकांकडेही त्या दिवशी जबाबदारी होती. खुर्च्या त्यांनी लावल्या होत्या.

पण दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर केतन डॉक्टर त्यांच्या खिडकीशी आला, बाहेरच्या बाजूनं, पेशंट उभे राहतात तिथं. टोसिसमधला पी मुका का, असं त्यानं विचारलं. काकांनी त्याला आत बोलावून स्टूल दिलं. त्यानंतर तो रोज अर्धा तास तिथं बसायचा. जाताना त्यानं काकांना ए, बी आणि सी असलेला नवा शब्दकोश दिला. काकांनी आभार मानले, चाळला आणि मला हळूच म्हणाले, "चांगला हाय. पण शब्दांचे आई-बाप यात दिले नायत."

काका निवृत्त झाल्यावर त्यांच्या खिडकीत कॉम्प्युटर आला. आता कागद छापून निघतो. अक्षर सुंदर असतं, आणि त्यामुळे अर्थ कोणी विचारत नाही. दुसरी रांग बंद झाली. कामाचा वेग वाढल्याचं वरच्या कार्यालयानं कळवलं आहे.

त्यानंतर काका मला एकदाच दिसले, मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत. मी घोंगडी घ्यायला गेले होते. बैलबाजाराच्या कडेला चहाची टपरी होती, तिच्या बाकावर ते बसले होते. तोच पांढरा शर्ट, वर स्वेटर. शेजारी एक वाळकी, म्हातारी म्हणावी अशी बाई. तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मुंबईच्या कुठल्यातरी मोठ्या दवाखान्याची फाइल. काका फाइल वाचत होते. मी हाक मारणार होते, पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तेच पान पहिल्यापासून वाचायला घेतलं. मी मागंच थांबले.

बाईनं विचारलं, काय लिवलंय.

"एक शब्द हाय गो. मेटास्टॅसिस." काका म्हणाले. "म्हंजे जागा बदलणं. आजार जिथं होता तिथंच राहिला नाय. हलला."

"गेला?"

"गेला नाय. छातीत होता, तो आता हाडांत पण गेलाय."

समोरून दावणीचे बैल चालले होते, त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "आमी दिवाळी झाली का वीटभट्टीवर जाताव, तसा."

"हां. तसा."

"आमी पावसाला परत येताव."

काकांनी फाइल मांडीवर उलटी ठेवली. मग ते म्हणाले, "हा नाय परत येत, गो."

तिनं मान हलवली. रडली नाही. काकांनी पेन काढून फाइलच्या मागं मराठीत मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की हे दुखणं थांबवायचं औषध आहे, ते मागायचं, हक्कानं मागायचं, कोणी सोस म्हणालं तर सोसायचं नाही. तिनं दोनदा ते नाव घोकलं. मग फाइल त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"तो कंचा शब्द? मला दाव."

काकांनी तिचं बोट धरलं आणि त्या शब्दावर ठेवलं. तिनं ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश फिरवलं.

"लय लांब हाय," ती म्हणाली. "चार महिने मी हा पिशवीत घेऊन फिरते."